सोलापूरहून एका दिवसात होणारी, वरून देखावा दिसेल अशी छोटी टेकडी सुचवा

बाळीवेस: भाऊबीज झाल्यावर एक दिवस मोकळा आहे. मी, बायको, दोन मुलं (८ आणि ११) आणि आई. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात, पण हळूहळू चढते. मुलं इथल्या सपाटीतच वाढली, उंचावरून मुलूख कसा दिसतो ते त्यांना दाखवायचंय. गाडी नाही, एसटीनं जाणार. सगळं मिळून दीड हजारात बसवायचंय.

होटगीरोड: महाबळेश्वरच करा. आम्ही इनोव्हा केली होती, दोन मुक्काम, अठरा हजार गेले, पण पैसा वसूल.

पार्कचौक: नळदुर्ग! उपळी बुरुजावर सत्तरच्या वर पायऱ्या आहेत, वर लांबलचक तोफा, खाली बोरी नदी. बहामनींचा पाणीमहाल पण बघून होतो.

विजापूरवेस: पाणीमहाल बहामनींचा नव्हे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा, १६१३ चा. आणि यांनी टेकडी विचारलीय, किल्ला नाही. येडशीचं रामलिंग बघा, झाडी लय भारी.

अक्कलकोटरोड: रामलिंगला जाताय तर हातात पिशवी धरू नका. माकडानं बायकोच्या हातातली पिशवी ओढली. कडक भाकरी, शेंगाचटणी गेली, चष्म्याची डबीही गेली. घरी येईपर्यंत तिला बसच्या पाट्या मी वाचून दाखवल्या. शिवाय देऊळ दरीत आहे. खाली उतरायचं, मग दमल्यावर चढायचं. देखावा कुठला?

पार्कचौक: मग तुळजापूर. तिथं डोंगरही आहे, दर्शनही होतं.

विजापूरवेस: तिथंही देवीला जाताना पायऱ्या उतरूनच जातो आपण.

सातरस्ता: मी पण नळदुर्गच म्हणेन. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघितले, अंगावर तुषार येत होते.

अक्कलकोटरोड: दिवाळीनंतर धबधब्याचा भरवसा नाही हो.

कन्नाचौक: माझ्या आईचेही गुडघे असेच. चढताना नाही, उतरताना जास्त दुखतात. काठी घ्या, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायला सांगा. उन्हाच्या आत वर पोचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मुलांनाही अर्धं, तेव्हा हिशेब बसेल. येरमाळ्याची येडेश्वरी डोंगरावर आहे, पण मी चैत्र पौर्णिमेला गेलो होतो. इतकी गर्दी, पाय ठेवायला जागा नव्हती. नकोच.

होटगीरोड: एवढ्या पायऱ्या चढायच्याच तर कळसूबाई करा की. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. मी शिड्यांवरून गेलोय.

बाळीवेस: सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला धागा वाचून दाखवला. येरमाळ्याचं नाव आलं आणि ती उठून बसली. लहानपणी आजोबांचं बोट धरून यात्रेत चुनखडी वेचायला जायची, लग्नानंतर एकदाही जाणं झालं नाही. वरून शेतं कशी दिसायची ते तिनं मुलांना पांघरुणाच्या घड्या घालून दाखवलं.

तेव्हा येरमाळाच. यात्रा चैत्रात, आता एवढी गर्दी नसेल. पहाटेची बीडकडे जाणारी एसटी धरतो, शंभरेक किलोमीटर आहे. काठी आजच आणली. शेंगाचटणी मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून.