घर, गल्ला आणि गाव सांभाळणारी आपल्या घरची बाई: अनुभव लिहा

(दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

आईला जाऊन परवा वर्ष झालं. दुकान बंद होतं, तरी दुपारी एक म्हातारी फळीवर येऊन बसली. म्हणाली, "पोरीच्या बाळंतपणात बाईनं दोन महिने सामान देल्लं मले. एका शब्दानं पैसे नाई मागतले."

आमचं किराणा दुकान. बोर्डावर बाबांचं नाव, पण गावात कुणालाही विचारा, ते 'बाईचं दुकान'. आई चौथी शिकलेली. जून लागला की बियाण्याखतात लोकांचा पैसा संपायचा आणि उधारी सुरू व्हायची. शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा झाली, कापसाची वेचणी लागली की तिला थोडा दम मिळायचा, पण पैसा लगेच कुठला? १९७२ पासून कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत जायचा आणि त्याचा चुकारा, म्हणजे पैसा, हाती पडेपर्यंत लोक वाट पाहायचे. तोवर अख्ख्या गल्लीचं तेल-मीठ आईच्या वहीवर. वहीत नावं नाहीतच. 'निंबाखालची', 'खाऱ्या विहिरीवाली', 'दोन जुळ्यांची माय'. पहाटे चारला उठून आमच्या भाकरी, आजीचं पथ्य, गाईचं दूध, मग आठला फळी उघडायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला ज्यांच्या घरी काही नाही त्यांना आंबिलीची ज्वारी पोचवायची, तीही अंधार पडल्यावर, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

मला तिच्यावर एकट्याने लिहिता येत नाहीये. तुमच्या घरीही अशी कुणी असेल. मोठं काही नको, ती काय करायची तेवढं सांगा.

(भिवापूरकडून)

माझी मोठी आई मिरची सातऱ्यावर जायची. सातरा म्हणजे मैदानभर पसरलेली लाल मिरची आणि तिच्यात बसलेल्या बाया, हाताने एकेक देठ खुडत. मजुरी किलोवर. उन्हाळ्यात वरून सूर्य, खालून तिखट. हाताची आग ताकाने जात नाही, तेलाने जात नाही. माझा चुलतभाऊ तेव्हा अंगावर पिणारा. रात्री त्याला घेताना ती दोन्ही हात लुगड्याच्या पदरात गुंडाळून घ्यायची, त्याच्या डोळ्याला बोट लागू नये म्हणून. हे तिने कधी सांगितलं नाही, मी पाहिलंय.

तिच्यासोबत पंधरा-वीस जणी असत. एखादी पोटुशी बाई नववा महिना लागूनही कामावर आली, तर मोठी आई तिला सावलीत बसवायची आणि प्रत्येकीला सांगायची, "एक एक पसा तिच्या ढिगात टाका वो." संध्याकाळी वजन झालं की त्या बाईची मजुरी पुरी. काटा धरणाऱ्याला कळत नसेल असं नाही, पण कुणी बोललं नाही.

पुढे चार पैसे साठवून तिने घरीच मिरची कुटायला घेतली. आठवडी बाजारात तिखट विकायची. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की चिमूटभर तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "चाखून पाहा, मंग बोला." त्या तिखटावर तिने दोन मुलींना बारावीपर्यंत शिकवलं. मी त्यातली एक नाही, पण माझी परीक्षा फी एकदा तिनेच भरली होती.

(गोंदिया जिल्हा)

आजीला अंक लिहिता येत नव्हते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात. घरी आल्यावर ७० पानांचा एक पुडा बांधायचा. तिचे पुडे मी कितीदा मोजले, एक पान कमी निघालं नाही. मोहफुलं वेचून वाळवायची, पावसाळ्यात धानाची रोवणी. गावात बाळंतीण अडली की बोलावणं तिलाच.

(वरूड)

वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण एक मनातलं लिहिते. आपल्या माया कधी थकल्या नाहीत, असं आपण फार सहज म्हणतो. माझी सासू थकायची. सासरे गेले तेव्हा ती पस्तिशीची, पदरात तीन मुलं आणि संत्र्याची बाग. आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, हे तिच्याइतकं शेजारच्या कुणाला जमत नव्हतं, बाग पाहायला आलेले व्यापारी मात्र "घरात माणूस कोण आहे?" असं विचारायचे. बोअर खोल खोल जात राहिले, कर्ज वाढलं, तिने एकेक दागिना काढला. कंबर इतकी दुखायची की रात्री भिंतीला धरून उभी राहायची. आम्ही विचारलं तर, "काई नाई वो, वारं भरलं."

सातबाऱ्यावर तिचं नाव चढायला अकरा वर्षं लागली. त्या दिवशी तिने उतारा वाचायला मला दिला, दोनदा वाचून घेतला आणि घडी करून देवघरात ठेवला. तिचं कौतुक मीही करते. पण तिला डॉक्टरकडे वेळेवर नेलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

(वर्धा जिल्हा)

आमच्या आत्याचा बचत गट. सुरुवातीला महिन्याला २० रुपये, तेवढ्यावरूनही घरोघरी भांडणं. गटाच्या कर्जातून तिने पिठाची गिरणी टाकली. बेल्ट निसटला तर स्वतः चढवते. संध्याकाळी गिरणी बंद करून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला हजर. तिथेच ठरतं कुणाच्या घरी काय कमी आहे ते. परवा फोन केला तर म्हणे, "आता नको, दयन चालू हाये."

(पुन्हा दारव्हा)

वरूडच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आईचे गुडघे आम्हीही 'वयोमानानं' म्हणत सोडून दिले होते. दुकानाच्या बोर्डाबद्दल भावाशी बोललो. तो लगेच हो म्हणाला.

वही आज पुन्हा चाळली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'निंबाखालचीचे ४० रुपये जास्त आले, द्याचे.' तो निंब पडून पंधरा वर्षं झाली, घरही राहिलं नाही. आमच्या गावातून पुसदकडे गेलेलं, निंबाच्या झाडाखाली राहणारं कुटुंब कुणाला आठवत असेल, तर कळवा.