कमी पैशातले जुने भयपट: टुकार की कसदार?

पाचोरेकर
गणपतीत मंडळाच्या पडद्यावर एक रात्र जुन्या भयपटांची ठेवू, असं मी सुचवलं. 'तसले टुकार सिनेमे आता कोण बघतं' म्हणून विषय तिथेच संपवला गेला. मला ते पटलेलं नाही.

रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ चा. अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेऊन काढलेला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला. पैसा नाही, त्यामुळे भूत जास्त वेळ पडद्यावर ठेवलं की मुखवटा उघडा पडणार. मग हलणारी कडी, जिन्यावरचा निळा उजेड, धूर आणि कुणीतरी पाय ओढत येतंय एवढाच आवाज. पुढचं आपण मनात भरत जातो आणि तिथेच घाबरतो. आता संगणकावर केलेलं भूत पहिल्या दहा मिनिटांत सगळं दिसतं. एकदा नीट दिसलं की भीती गेली.

भुसावळकर
भाऊ, ही लहानपणाची माया आहे. रामसेंचाच 'पुराना मंदिर' परत लावून बघा. त्यातल्या सामरी राक्षसाची दहशत जरा बसते न बसते, तोच विनोदी नट जगदीपचं 'शोले'च्या नकलेचं प्रकरण सुरू. त्यात पैशाच्या कमतरतेचा काय संबंध?
जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) बघा. तोही तुटपुंज्या पैशातला, कृष्णधवल, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. पण एक घर, आत अडकलेली माणसं, बाहेर चालती प्रेतं. पकड शेवटपर्यंत सुटत नाही. गुण गरिबीचा नाही, शिस्तीचा आहे.

पाचोरेकर
शिस्तीचं मान्य. पण हे सिनेमे कुठे चालायचे तेही धरा. आपल्याकडे यात्रेत तंबू टॉकीज यायची. ताडपत्री, खाली माती, बाहेर जनरेटरची घरघर, रीळ बदलताना अंधार आणि पोरांच्या शिट्ट्या. बायाबापड्या लेकरं घेऊन बसलेल्या. त्या गर्दीला दोन तास नुसतं भेदरवून ठेवता येत नाही, मध्ये हसू द्यावंच लागतं. आणि सामरीचं काम करणारा अनिरुद्ध अग्रवाल शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. त्याची उंची, तो चेहरा कॅमेऱ्यासमोर उभा केला की निम्मं काम झालं. हे हेरायलाही नजर लागते.

अमळनेरकर
तुमनी गोठ खरी शे भाऊ. दाराचा तो आवाज अजून कानात शे.

शहादेकर
मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. रामसेंच्याच 'वीराना'त (१९८८) चेटकिणीला पकडून फाशी देतात आणि प्रेक्षकाला हायसं वाटतं. आमच्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात. घरात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, शेताचा वाद झाला की बोट एकट्या विधवेकडे. त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला. वर्गात एखादी मुलगी शेजारच्या आजीच्या सावलीला घाबरते, तेव्हा ती कुठून शिकली हे मला दिसतं. तुम्ही कडी आणि उजेड मोजताय. मला फासावर लटकणारी बाई दिसते.

पाचोरेकर
ताई, डाकिणीची प्रथा सिनेमाच्या कितीतरी आधीची आहे. तुमचा आक्षेप गोष्टीवर आहे, मी बोलतोय कारागिरीवर.

शहादेकर
दादा, भीतीच्या सिनेमात ते वेगळं करता येत नाही. कारागिरी जितकी चांगली, तितकी ती बाई मरायलाच हवी असं बघणाऱ्याला वाटतं. प्रथा जुनी आहे म्हणूनच तिला खतपाणी नको. 'पुराना मंदिर'मधला सामरी राक्षस आहे. तो कुणाची शेजारीण नाही. त्याला माझी हरकत नाही.

भुसावळकर
ताईंच्या मुद्द्यापुढे माझा जगदीप किरकोळ आहे. मंडळात 'वीराना' नको, या बाजूने मी.

पाचोरेकर
'वीराना' मागे घेतो. पण टुकार हा शब्द मी अजूनही मानत नाही. 'पुराना मंदिर' लावू, रोमेरोचाही लावू. ताई, तुम्ही शहाद्याहून या आणि सिनेमाआधी डाकीण प्रथेवर बोला. माइक मी बघतो.

शहादेकर
येते. पण सिनेमाआधी नको, नंतर. घाबरलेली माणसं जास्त ऐकतात.