माळवदाचं घर ठेवावं, की लातूरला फ्लॅट घ्यावा?

ओसरी_औसा: औसा तालुक्यात माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं, जुनं घर आहे. मातीतल्या दगडी भिंती, सागवानी खांब-तुळया, दारातली ढेळज, धान्य साठवायची दोन बळदं. घरच्यांचं म्हणणं, विकून लातूरला फ्लॅट घ्यावा, आणि तसं जवळपास ठरलंही होतं. पण यंदा बळदं उपसून, भिंती सारवून घेतल्यावर घर पुन्हा जीव लावायला लागलंय. मे महिन्यात भर दुपारी माजघरात पंख्याशिवाय बसता येतं. अडचण एकच, भूकंपाची भीती. लेकरांना घेऊन इथं राहणं बरोबर आहे का? दुरुस्ती कुठून सुरू करावी?

ओळंबा: भीती रास्त आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भागात माणसं दबली ती अशाच भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. म्हणून आधी वजन काढा. माळवदाच्या कडेला खड्डा घेऊन मातीचा थर मोजा. घनफुटाला साधारण 45 किलो धरायची. म्हणजे 10 बाय 10 च्या खोलीवर एक फूट माती असली तरी साडेचार टन होतात. दर मृगाच्या आधी गळतीवर नवी पांढरी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, ही पिढ्यांची सवय. त्यामुळे थर दोन-दोन फुटांवर जातो.

मग तुळईची टोकं बघा, भिंतीत शिरतात तिथं. पेचकस टोचला आणि सहज आत गेला, तर टोक कुजलंय किंवा वाळवीनं खाल्लंय. मधली तुळई ठणठणीत दिसते म्हणून फसू नका.

पांढरी_माती: भिंतीचंही सांगते. मातीतल्या दगडी भिंतीला आतून एक पदर असतो, बाहेरून एक, आणि मध्ये गोटे-माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात पदर सुटे होतात आणि भिंत उकलून पडते. भिंतीला पोट आलं असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो, वरून गिलावा करून भागत नाही. बाकी भिंतीत तीन-साडेतीन फुटांवर दगड अलगद काढत आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा असलेली 8 मिमीची सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. पहारीनं दणके देऊ नका, शेजारचे दगडही ढिले होतात.

आणि कृपा करून सिमेंटचा गिलावा करू नका! ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते, गिलाव्याचे पोपडे सुटतात. भुसा घालून आठवडाभर कुजवलेला मातीचा गारा किंवा चुना बरा.

ओसरी_औसा: माळवद मोजलं. माजघरावर 22 इंच माती आहे, खोली 10 बाय 16.

ओळंबा: म्हणजे सव्वातेरा टन. हे यंदाच उतरवा, घर ठेवायचं की विकायचं ते नंतर ठरवा. आठ इंचांवर आणलंत तर साडेआठ टनांच्या आसपास कमी होईल. मोकळी झालेली माती फुगते, तेव्हा दोन ब्रासहून (ब्रास म्हणजे 100 घनफूट) जास्तच धरा. खालून टेकू लावून, सगळीकडून सारखे पातळ थर काढायचे. एका बाजूनं उपसत गेलात किंवा वरच ढीग घातलात तर तुळई एकीकडे दबते. उरलेल्या थराच्या मध्ये जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरा, उतार पन्हाळाकडे, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिकडे, ठेवा. वर काळी माती नको, वाळली की भेगाळते. खांब आणि तुळईच्या सांध्यात दोन्ही बाजूंना तिरके लाकडी टेकू ठोका, चौकट डुलायची कमी होते. पण हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करा.

पांढरी_माती: खर्चाआधी कागद बघा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वारसनोंद आणि भावांची लेखी संमती आधी घ्या. स्वामित्व योजनेत गावठाण मोजलं गेलं असेल तर मालमत्ता पत्रक काढा.

फ्लॅट बघायला गेलात तर पाण्याचं पहिलं विचारा: नळ किती दिवसांनी, बोअर मेमध्ये चालतं का, टँकरचा खर्च कुणाकडे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक आणि फ्लॅटचं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) लेखी घ्या.

ओसरी_औसा: पाऊस लागायच्या आत माती उतरवतोय. तोवर लेकरं माजघरात नाही, ढेळजेबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत झोपतील.