कारखान्याच्या पाटीवर ‘धोका’, ‘इशारा’, ‘सावधान’ की ‘जपून’?

विचारणा

वडोदऱ्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षेचे काम माझ्याकडे आहे. बाहेरून आलेल्या यंत्रांवर डेंजर, वॉर्निंग, कॉशन आणि नोटिस अशा चार प्रकारच्या इंग्रजी पाट्या आहेत आणि त्यांचे गुजराती, हिंदी व मराठी मजकूर आम्हाला लिहून घ्यायचे आहेत. पेंटरने आणलेल्या मसुद्यात मराठीत पहिल्या तिन्हींना ‘धोका’ हाच शब्द आहे. तो तसाच ठेवावा का, आणि नसल्यास कोणते शब्द घ्यावेत?

उत्तर

तसाच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे चार इंग्रजी शब्द एकमेकांचे पर्याय नसून चढत्या-उतरत्या पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या ॲन्सी झेड ५३५ या मानकात त्यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. प्रसंग टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तेथे डेंजर. मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते, तेथे वॉर्निंग. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तेथे कॉशन. आणि माणसाला इजा होण्याचा प्रश्नच नाही, फक्त यंत्र किंवा माल बिघडू शकतो, तेथे नोटिस. यांना अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा आणि निळा रंग नेमलेला आहे. तिन्हींना ‘धोका’ लिहिले की गरम पाइप आणि उघडी बसबार, म्हणजे वीज वाहणारी धातूची पट्टी, एकाच तोलाची होतात, आणि रोज दहा ठिकाणी तोच शब्द पाहणारा माणूस अकराव्या ठिकाणी थांबत नाही.

दुसरी अडचण खास आपल्या गावची आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचा दंडक घातला. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील पस्तिसाव्या नियमाने मध्यम व त्याहून अधिक दाबाच्या विद्युत संचमांडणीवर कवटी आणि हाडांच्या चिन्हासह, हिंदी किंवा इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या भाषेत सूचना सांगितली. म्हणजे वडोदऱ्यात गुजराती आधी येणार आणि मराठी ओळ तिच्या शेजारी बसणार, हे धरूनच शब्द निवडला पाहिजे. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. संकटाला तेथे ‘खतरा’ म्हणतात. गुजरातीत ‘धोको’ म्हणजे कपडे बडवण्याचे लाकडी धोपाटणे. मराठीत मात्र संकट आणि दगा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

मी ज्या रासायनिक कारखान्यात तीस वर्षे होतो, तेथे मिश्रणयंत्राच्या झाकणावर ‘धोका – सावधानता बाळगावी’ अशी पाटी होती. दाहोदकडून नवा आलेला एक मुलगा हातात खोरे घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने मला विचारले, “काका, अहीं धोको क्यां छे?” म्हणजे, इथे धोपाटणे कुठे आहे? झाकण उघडेच होते आणि आतली पाती फिरत होती. पाटीने त्याला ना पात्याची गोष्ट सांगितली, ना हात आत घालू नकोस हे सांगितले. त्या दिवशी काही झाले नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून कधीच गेला नाही.

म्हणून डेंजरसाठी मी नुसता ‘धोका’ न घेता ‘जिवाला धोका’ असे लिहीन. गुजरातीत ‘जाननुं जोखम’ आणि हिंदीत ‘जान का खतरा’ हे त्याच वजनाचे शब्दप्रयोग आहेत, आणि ‘जीव’ हा शब्द आला की फसवणुकीचा अर्थ उरत नाही. वॉर्निंगला ‘सावधान’ घ्यावे, कारण तो तिन्ही भाषांत एकाच अर्थाने वाचला जातो. पुष्कळ जण येथे ‘इशारा’ सुचवतील. अतिवृष्टीचा इशारा, संपाचा इशारा हे मराठीत अस्सल प्रयोग आहेत, यात शंका नाही. परंतु हिंदी-गुजरातीत इशारा म्हणजे हाताची किंवा डोळ्याची खूण, आणि आपला मराठी कामगारही दिवसभर त्याच भाषा ऐकतो. ‘खबरदार’ टाळावा. तो दटावण्याचा शब्द आहे आणि ज्याचे रक्षण करायचे त्यालाच दरडावतो. ‘खबरदारी’ला हा दोष नाही, पण तो पाटीसाठी लांब पडतो.

कॉशनसाठी ‘जपून’ हा शब्द मला मनापासून आवडतो. घराबाहेर पडणाऱ्याला आपण ‘जपून जा’ म्हणतो, त्यात भीती नसून काळजी असते, आणि किरकोळ इजेच्या ठिकाणी नेमकी तीच छटा हवी असते. गुजरातीत ‘साचवीने’ आणि हिंदीत ‘संभलकर’ हे त्याचे सख्खे भाऊ आहेत. नोटिसला ‘सूचना’ पुरे.

या शहरात १९३१ साली, सयाजीराव महाराजांच्या काळात, ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा राज्यकारभाराचा बहुभाषिक कोश निघाला, त्यात एकेका इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, हिंदी आदी भाषांतले प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. आपणही पेंटरला मजकूर देण्यापूर्वी तिन्ही भाषांचे शब्द असेच एका कागदावर मांडून पाहावेत. खटकणारी जागा लगेच दिसते.

एक हरकत

सुरक्षाचिन्हांच्या आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकातली चित्रे असताना शब्दांचा एवढा खल कशासाठी? लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ म्हणजे मनाई, निळे वर्तुळ म्हणजे सक्ती, पिवळा त्रिकोण म्हणजे संकट, हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट. निरक्षरालाही हे कळते.

हरकतीवर

चित्र हवेच, आणि आकार व रंग मानकाप्रमाणेच हवेत. त्याबाबत भारतीय मानक ९४५७ सुद्धा आहे. पण पिवळ्या त्रिकोणातले उद्गारचिन्ह येथे काहीतरी आहे एवढेच सांगते. काय आहे आणि काय करायचे, हे शब्दालाच सांगावे लागते. त्यामुळे शीर्षशब्दाखालची दुसरी ओळ माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहे, आणि तेथे क्रियापदाचे रूप जपून निवडावे. ‘धूम्रपान करू नये’ हे रूप सभ्य आहे आणि बाहेरच्या व्हरांड्यात शोभते. फिरत्या पात्याजवळ मात्र ‘हात घालू नका’ हेच हवे. ‘सावधानता बाळगावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ अशा वाक्यांत कोणी, कशाची, कशी दक्षता घ्यायची ते कळत नाही. नामेही तपासावीत. ‘ज्वलनशील’पेक्षा ‘ज्वालाग्राही’ नेमका आहे, कारण जवळ ज्वाला आली तर पेट घेईल हे त्यात दिसते. पण ज्याला दोन्ही कठीण वाटतात त्याच्यासाठी ‘लगेच पेट घेते’ असे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. एसटीच्या गाडीतले ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ हे लांबलचक असूनही पिढ्यान्‌पिढ्या कळत आले आहे, तेव्हा ‘आपत्कालीन निर्गमद्वार’ घडवण्याची गरज नाही.

विचारणाऱ्याकडून

आपल्या सांगण्याप्रमाणे तिन्ही भाषा एका कागदावर मांडल्या आणि पाळी बदलताना फाटकाजवळ कामगारांना वाचायला दिल्या. मिश्रणयंत्रावर आता ‘जिवाला धोका. पाते फिरते आहे. झाकण उघडण्याआधी वीज बंद करा.’ असा मजकूर जाईल. वाफेच्या पाइपसाठी ‘जपून’ लिहिले होते. त्यावर खानदेशातून आलेल्या एका ज्येष्ठ फिटरने ‘चटका बसेल, हात लावू नका’ ही ओळ खाली जोडायला सांगितली, आणि ती तशीच घेतली आहे.