डाव कोरायला गोल पटाशी: विकत घेऊ की करून घेऊ?

ओंडका_पुणे: मंडळी, आंब्याच्या ओंडक्यातून एक डाव (वाढायची लाकडी पळी) आणि छोटी काठवट करतोय. बाहेरचा आकार वाकसाने (सुताराच्या आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने) आला पण आतला खोलगट भाग काही जमत नाही, साधी पटाशी लावली की कोपरे रुततात आणि चरे पडतात. ऑनलाइन गोल पटाशांचा (खोलगट पात्याच्या) बारा नगांचा सेट घेतला होता, दोन दिवसात धार गेली, आता डब्यात पडलाय. काय करू?

जुनाबाजारकर: सेट घेऊच नको रे, एकच गोल पटाशी घे, 20 मिमी रुंदीच्या आसपास. बोहरी आळीत विचार, नाहीतर रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मार. वरून गंजलेली चालते, फक्त धारेजवळ पोटात (आतल्या खोलगट बाजूला) गंजाचे खड्डे नाहीत ना ते बघ, ते घासून निघता निघत नाहीत. आणि धारेचा उतार बाहेरच्या अंगाने हवा, आतून उतार असलेली खोलात घुसत जाते, वर यायचं नावच घेत नाही.

भाता_ऐरण: डाव छोटा असेल तर वाकडी सुरीच (आकड्यासारखं वळलेलं पातं) लागेल. मी जुन्या कानशीची केली. आधी लाल करून रात्रभर राखेत पुरली म्हणजे मऊ पडते, मग दात पूर्ण घासून काढले (राहिले तर तिथूनच तडकते), परत लाल करून पाइपवर वाकवली. शेवटी चुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवून कोमट तेलात बुडवली. पहिली पाण्यात बुडवली होती, टिण्ण आवाज आला आणि दोन तुकडे! पाणी दिल्यावर (म्हणजे असं तापवून बुडवून कडक केल्यावर, तेलात असलं तरी) लगेच वापरायची नाही हां, काचेसारखी ठिसूळ असते, ओव्हनमध्ये 200 डिग्रीला तासभर ठेव, फिकट पिवळा रंग आला की झालं.

ओंडका_पुणे: ओव्हन आईचा आहे 😅

भाता_ऐरण: मग तेल नीट पुसून ठेव, नाहीतर पुढचे चार केक वंगणाचे.

रंधा७: धारेसाठी गोल दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळ, शेवटचा हात चामड्यावर, कोल्हापुरी चपला करणाऱ्याकडे कातडीचा तुकडा मिळेल. आणि तुझे चरे नुसत्या पटाशीमुळे नसतील, कडेकडून तळाकडे कोरत ये आणि तळाला थांब, तसंच पुढे चढवत नेलंस की रेशे उपटतात. ओंडका ओला असतानाच आतलं उरकून घे, वाळला की आंबासुद्धा दाद देत नाही.

ओंडका_पुणे: ओंडका दोन महिने गच्चीवर उन्हात होता...

रंधा७: मग दुसरा शोध.