घरच्या प्रिंटरवर लग्नपत्रिका: कागद, घडी, शाई, पाकीट

आपल्याकडची पत्रिका म्हणजे अर्धी भावकी. ती घरच्या प्रिंटरवर ज्यांनी बसवली आहे त्यांनी पक्कं ठाऊक असलेलं लिहा. कौतुक नको, मापं द्या. उत्तराच्या वर आपल्या गावाचं नाव टाका.

लातूर
३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तसा कागद बहुधा जाड) मोहात पडू नका. समोरच्या ट्रेतून कागद आत वळून येतो, तिथे जाड कार्ड अडकतं. मागून सरळ जाणारा ट्रे असेल तर २०० ते २२० जीएसएम बहुतेक वेळा निघतं, तरी प्रिंटरच्या पुस्तिकेतली मर्यादा आधी बघा. चकचकीत आर्ट कार्ड इंकजेटला (पातळ शाईच्या प्रिंटरला) चालत नाही. शाई मुरत नाही, बोटाला लागते. मॅट, म्हणजे बिनचमकीचं घ्या.

घडी तडकते ती कागदाच्या धाग्यामुळे, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेनं असतात त्यामुळे. कार्ड दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा. ज्या दिशेनं सहज वाकतं, त्याच दिशेनं घडी घाला. ए-फोरचा धागा बहुधा लांबीच्या बाजूनं असतो. म्हणून अख्खा ए-फोर मधोमध दुमडला की घडी धाग्याला आडवी जाते आणि फाटते. तोच कागद आधी कापून दोन ए-फाइव्ह करा, मग दुमडा: घडी धाग्यासोबत येते, शिवाय एका कागदात दोन पत्रिका निघतात. खाली वही ठेवून, स्टीलची पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं रेघ ओढा. रेघ बाहेरच्या अंगानं, म्हणजे फुगवटा आत राहतो. लेझर प्रिंट असेल तर घडीवर गडद रंग नकोच, टोनरचे (लेझरच्या पूड-शाईचे) टवके उडतात.

नांदेड
मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतात. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती गिचमीड दिसते. झेरॉक्सवाल्याकडे नेताना फॉन्ट आत घेतलेली पीडीएफच न्या. ‘चि.सौ.कां.’ एका ओळीत आणि मुलीचं नाव खालच्या ओळीत, हे टाळायला मध्ये न तुटणारी स्पेस टाका. निमंत्रकांची यादी ११ पॉइंटच्या खाली नेऊ नका, ती वाचणारे चुलते साठीच्या पुढचे असतात. मावत नसेल तर १०० जीएसएमचं वेगळं पान आत घाला. वार-तारीख पंचांगाशी ताडून घ्या. मानापानाची नावं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना दाखवल्याशिवाय छपाई नको.

पैठण
पैठणीच्या काठाची किनार पार कडेला नेऊ नका. घरचा प्रिंटर सहसा कडेला ३ मिमीच्या आसपास कोरी पट्टी सोडतो, आणि कापताना मिलिमीटरभर चुकलं तरी काठ वाकडा दिसतो. ७ मिमी आत घ्या. कोपऱ्यांना हळदकुंकू लागणार हे धरून २ सेंमी कोरे सोडा. रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असेल तर ओल्या कुंकवानं ओघळते.

परभणी
उन्हाळ्यात कूलरसमोर कागद उघडा ठेवू नका. दमट हवेनं तो फुगतो, कडा वळतात, दोन-दोन पानं ओढली जातात. लागेल तेवढाच बाहेर काढा. आतलं पान फेविकॉलनं चिकटवलं तर सुरकुततं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वरच्या कडेलाच लावा. पाकीट कार्डापेक्षा दोन्हीकडून ५ मिमी मोठं हवं. दहा टक्के कागद जास्तीचा घ्या. पाकिटावरची नावं मात्र हातानंच.