मदत हवी आहे: कोरकू मुलांच्या मराठीवरचा शोधनिबंध कुठे पाठवू?

मेळघाटातली कोरकू मुलं शाळेत मराठी शिकताना नामांचं लिंग कसं आत्मसात करतात, यावरचा माझा इंग्रजी शोधनिबंध तयार आहे. कोरकू ही भाषा मुंडा भाषाकुळातली. तिच्यात सजीव-निर्जीव भेद आहे, पण मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. त्यामुळे 'मोठं झाड', 'मोठी फांदी' इथे मुलं नेमकी कुठे अडखळतात, ते पाहिलं आहे. अशा भाषाजोडीवर फारच कमी लिहिलं गेलंय, म्हणून हे काम चांगल्या ठिकाणी छापून यावं असं मनापासून वाटतं.

एका परदेशी नियतकालिकाने परीक्षणाला न पाठवताच परत केलं. कारण दिलं, 'विषय फार स्थानिक'. प्रस्तावना बदलून सिद्धांताचा प्रश्न आधी घेतला आहे. यूजीसी-केअर यादी (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद झाल्यापासून इथली नियतकालिकं निवडणंही अवघड झालंय. प्रकाशन शुल्क भरायला निधी नाही, त्यामुळे पैसे घेणारी नावं कृपया सुचवू नका.

नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती आहे. मात्र ती संमती संशोधनापुरतीच, त्यामुळे मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं सर्वांसाठी खुली करता येणार नाहीत. नावं काढलेली लिप्यंतरं (मुलांच्या बोलण्याची लिखित रूपं) देऊ शकते.

'लँग्वेज डेव्हलपमेंट रिसर्च' हे नियतकालिक लेखकांकडून शुल्क घेत नाही, पण तिथे विदा (डेटा) खुली करण्यावर भर आहे. ध्वनिमुद्रणाशिवाय नुसती लिप्यंतरं तिथे चालतात का, कुणाचा अनुभव? नसतील चालत, तर शाळकरी मुलांच्या द्वितीय भाषेवरचं काम घेणारं दुसरं विनाशुल्क नियतकालिक कोणतं?